सात मिनिटांचा उशीर

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ॲटलास दुर्बिणीनं आकाशात सरकणारा एक अंधूक ठिपका टिपला. हा लघुग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला होता तो दोन दिवस आधी, नाताळच्या दिवशी. म्हणजे सापडला तेव्हा तो आपल्यापासून दूर चालला होता. त्याला २०२४ वायआर४ हे नाव मिळालं आणि महिन्याभरात ते नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकू लागलं. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली. ही मर्यादा ओलांडली की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्यानं जगाला औपचारिक सूचना द्यायची, असं ठरलेलं आहे, आणि तशी सूचना निघाली. १८ फेब्रुवारीला आकडा ३.१ टक्क्यांवर पोचला. या आकाराच्या लघुग्रहासाठी इतकी शक्यता आजवर कधीच नोंदली गेली नव्हती. आदळलाच तर कुठं, याचा पट्टाही काढला गेला: पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता, ढाका ही शहरं या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला येत होती. आणि मग आठवडाभरातच तो आकडा कोसळला. २४ फेब्रुवारीपर्यंत धोका जवळपास शून्यावर आला. शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं, अशी तक्रार लगेच सुरू झाली. ही तक्रार चुकीची आहे. इतकंच नाही, तर ती का चुकीची आहे हे समजलं की पृथ्वीचं लघुग्रहांपासून संरक्षण म्हणजे नेमकं काय, हेही समजतं.

नव्यानं सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून काढावी लागते. प्रत्येक निरीक्षणात बारीक त्रुटी असते आणि आठ वर्षं पुढचं गणित करताना ती प्रचंड फुगते. म्हणून ‘२०३२ साली लघुग्रह इथं असेल’ असं कुणी सांगत नाही. ‘या लांबलचक, अरुंद पट्ट्यात कुठंतरी असेल’ एवढंच सांगता येतं. हा पट्टा लाखो किलोमीटर लांब असतो आणि पृथ्वी त्यात एका बिंदूएवढी. नवी निरीक्षणं मिळाली की पट्टा दोन्ही टोकांनी आखडतो. पृथ्वी तर आहे तेवढीच राहते. त्यामुळं जोवर ती पट्ट्यात आहे तोवर पट्ट्यातला तिचा वाटा वाढत जातो आणि टक्केवारी चढते. पुढं कधीतरी आखडणारं टोक पृथ्वीला ओलांडून पलीकडं जातं आणि टक्केवारी एकदम शून्यावर येते. याचा अर्थ, न आदळणाऱ्या लघुग्रहाच्या बाबतीतही आकडा आधी चढणं हेच अपेक्षित असतं. अपोफिस या लघुग्रहाचं असंच झालं होतं. डिसेंबर २००४ मध्ये, १३ एप्रिल २०२९ रोजी तो आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली; मग जुन्या प्रतिमांमध्ये त्याचा माग लागला आणि ती तारीख निर्धोक ठरली. त्या दिवशी सुमारे साडेतीनशे मीटरचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपले भूस्थिर उपग्रह फिरतात त्याच्याही आतून जाईल आणि जगाच्या काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या किमान शंभर वर्षांसाठी त्याचा धोका यादीतून काढून टाकण्यात आला.

मग आकडा पक्का होईपर्यंत गप्प का राहू नये, असं कुणी विचारेल. १९९८ च्या मार्च महिन्यात १९९७ एक्सएफ११ या लघुग्रहाबद्दल २०२८ साली धोका संभवतो अशी घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी १९९० सालच्या जुन्या छायाचित्रांनी ती मोडीत काढली. त्या फजितीनंतर शास्त्रज्ञांपुढं दोन रस्ते होते: बंद दाराआड काम करणं, किंवा आकड्याला अर्थ देणारी सर्वमान्य पट्टी बनवणं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. शून्य ते दहा अशी टोरिनो श्रेणी १९९९ मध्ये स्वीकारली गेली. गुप्ततेचा रस्ता मुळात चालण्यासारखाच नव्हता. जुन्या प्रतिमा शोधणारे, दुसऱ्या खंडावरून त्याच रात्री दुर्बीण वळवणारे, गणित स्वतंत्रपणे पडताळणारे असे अनेक हात लागल्याशिवाय पट्टा आखडतच नाही. आणि त्या हातांना माहिती द्यायची तर ती सगळ्यांनाच द्यावी लागते. वायआर४ चा धोका सुमारे दोन महिन्यांत निकालात निघाला तो या उघडेपणामुळंच.

आता मुख्य मुद्दा. लघुग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं क्षेपणास्त्र येतं: दगड येतोय, त्याचे तुकडे करा. हे चित्र सिनेमानं दिलं आहे आणि ते जवळजवळ उलटं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावते आणि तिचा व्यास आहे पावणेतेरा हजार किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या व्यासाइतकं अंतर ती सात मिनिटांत कापते. लघुग्रहाची कक्षा आणि पृथ्वीची कक्षा एकमेकींना छेदतात ती जागा रेल्वेच्या फाटकासारखी मानली, तर अपघात टाळायला गाडी फोडायची गरज नाही. ती फाटकाशी सात मिनिटं उशिरा किंवा लवकर आली की पुरे. (गुरुत्वाकर्षण लघुग्रहाला थोडं आत ओढतं, त्यामुळं हिशेब जरा वाढतो, पण प्रकार तोच.) आणि हा सात मिनिटांचा फरक किती वर्षांत साधायचा आहे, त्यावर सारं अवलंबून आहे. लघुग्रहाला त्याच्या वाटेच्या दिशेनं सेकंदाला एक सेंटिमीटर एवढा धक्का दिला तर दहा वर्षांत तो नुसत्या सरळ हिशेबानं तीन हजार किलोमीटर सरकतो. त्यात धक्क्यानं कक्षेचा काळच बदलत असल्यामुळं प्रत्यक्षातला फरक याच्या साधारण तिप्पट पडतो, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येहून जास्त. हाच दगड एक वर्ष आधी सापडला तर धक्का दहापट लागेल, आणि महिना आधी सापडला तर शंभरपटीहून अधिक. शेवटच्या महिन्यात कुठलंही यान तो देऊ शकत नाही. त्यामुळं ग्रहसंरक्षणात खरं बळ स्फोटकात किंवा यानात नसून मिळालेल्या वर्षांत आहे, आणि वर्षं मिळवून देणारं साधन एकच आहे: दुर्बीण.

नासाच्या डार्ट मोहिमेचा पुरावा याच बाजूचा आहे, जरी तिची बातमी वेगळ्या सुरात दिली गेली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ५८० किलोचं हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगानं डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळलं. डायमॉर्फस हा सुमारे १५० मीटरचा, डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा छोटा सोबती. ही निवड हुशारीची होती. सूर्याभोवतीच्या कक्षेत पडणारा फरक मोजायला वर्षं लागली असती. सोबत्याची प्रदक्षिणा मात्र पृथ्वीवरून घड्याळ लावून मोजता येत होती. ती ११ तास ५५ मिनिटांची होती, ती सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. यशासाठी ७३ सेकंदांचा फरक पुरेसा मानला होता, त्यामुळं आनंद होणं साहजिक होतं. धक्का इतका मोठा पडला कारण आघातानं उडालेल्या दगडधोंड्यांनी उलट दिशेनं जाताना लघुग्रहाला आणखी ढकललं. यानाच्या एकट्याच्या संवेगाच्या काही पट परिणाम मिळाला. तरीही डायमॉर्फसच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला जेमतेम २.७ मिलिमीटर. हाच धक्का सूर्याभोवती एकट्यानं फिरणाऱ्या, थेट पृथ्वीच्या मध्यावर येणाऱ्या तेवढ्याच दगडाला दिला असता, तर वर दिलेल्या हिशेबानं पृथ्वीच्या त्रिज्येएवढं सरकायला त्याला पंचवीस वर्षं लागली असती. डार्टनं सिद्ध केलं ते एवढंच, पण ते फार मोलाचं आहे: वेळ असेल तर धक्का देता येतो. शिवाय उडालेल्या मालाचा वाटा लघुग्रह कशाचा बनला आहे यावर ठरतो. बरेच छोटे लघुग्रह अखंड खडक नसून सैलसर जमलेले दगडगोट्यांचे ढीग आहेत. बेन्नू या लघुग्रहावर उतरलेल्या यानाला त्याचा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा कितीतरी भुसभुशीत लागला. युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं ते डायमॉर्फसचं वस्तुमान आणि आघाताची खूण जवळून मोजायला. ही मोजणी झाल्यावरच डार्टचा निकाल दुसऱ्या लघुग्रहाला लावता येईल.

खर्चाचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे आणि तो हलका मानू नये. एक किलोमीटरहून मोठा लघुग्रह काही लाख वर्षांतून एकदा आदळतो; १४० मीटरच्या आसपासचा सुमारे वीस हजार वर्षांतून एकदा. पूर, दुष्काळ आणि साथी दरवर्षी येत असताना इतक्या दुर्मीळ संकटावर पैसा कशाला? याला ‘विमा’ हे नेहमीचं उत्तर दिलं जातं, आणि ते अपुरं आहे. विम्याचा हप्ता धोका कमी करत नाही, नुकसान भरून देतो. लघुग्रहांची यादी खुद्द धोकाच कमी करते, तीही एकदा बनवली की दीर्घकाळ टिकते, कारण हे दगड गुरुत्वाकर्षणाच्या नियमानं चालतात आणि शंभर वर्षं पुढचं त्यांचं वेळापत्रक बऱ्यापैकी काढता येतं. १९९८ मध्ये नासानं एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी ९० टक्के दहा वर्षांत शोधायचं ठरवलं. दोन-तीन वर्षं उशीर झाला, पण ते झालं, आणि सापडलेल्यांपैकी एकही पुढच्या शतकात आदळणारा नाही. डायनासोरांसारखा अंत घडवणाऱ्या, दहा किलोमीटरच्या वर्गातल्या दगडांची चिंता यानंतर जवळपास मिटली. एकही लघुग्रह न हलवता मानवजातीच्या डोक्यावरचा एक मोठा नैसर्गिक धोका मोजून बाजूला ठेवता आला, आणि त्यासाठी लागला तो दुर्बिणींचा आणि संगणकांचा खर्च. डार्टला सुमारे ३२ कोटी डॉलर लागले. देशोदेशीच्या आपत्ती निवारणाच्या खर्चापुढं हा आकडा किरकोळ आहे.

अर्थात यादी अपुरी आहे, आणि इथं खरी उणीव दिसते. अमेरिकी काँग्रेसनं २००५ मध्ये १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्के शोधण्यासाठी २०२० ची मुदत दिली. असे लघुग्रह पंचवीस हजारांच्या आसपास असावेत आणि मुदत उलटून काही वर्षं झाली तरी निम्मेही सापडलेले नाहीत. सगळ्या आकारांचे मिळून ज्ञात पृथ्वीनिकट लघुग्रह २०२५ च्या अखेरीस चाळीस हजारांवर गेले, पण त्यांत छोट्यांची भर मोठी आहे. आकार लहान म्हणून दुर्लक्ष करावं असंही नाही. ॲरिझोनातलं १.२ किलोमीटर रुंद बॅरिंजर विवर करणारा लोखंडी दगड ५० मीटरच्या आसपासचा होता. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं, दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधलं लोणारचं विवर त्याहून मोठं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. (त्याचं वय बावन्न हजार वर्षं की पावणेसहा लाख, यावर मोजणीच्या पद्धतीनुसार मतभेद आहेत; घटना किती सहज पुसली जाते याचा हा नमुनाच म्हणायचा.) १९०८ मध्ये सैबेरियातल्या तुंगुस्का भागावर हवेतच फुटलेल्या दगडानं दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवं केलं. तिथं वस्ती जवळजवळ नव्हती म्हणून जगाला त्याची फारशी दखल घ्यावी लागली नाही. पहिली शास्त्रीय मोहीम तिथं पोचली ती १९२७ मध्ये.

छोट्या दगडांबाबत आणखी एक आक्षेप आहे: दुर्बिणी वाढवूनही काही दगड निसटणारच, मग यादीवर एवढी भिस्त का? चेल्याबिन्स्क हे त्याचं उदाहरण दिलं जातं. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे वीस मीटरचा दगड रशियाच्या त्या शहरावर तीसएक किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेनं आला होता, म्हणून पृथ्वीवरच्या एकाही दुर्बिणीला दिसला नाही. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी: आकाशात लख्ख उजेड झाला म्हणून लोक खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट पोचली. म्हणजे इतका लहान दगड अडवायची गरजच नव्हती. ‘खिडकीपासून लांब राहा’ एवढी सूचना वेळेवर मिळाली असती तरी बहुतेक लोक वाचले असते. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲरिझोनातल्या कॅटालिना सर्वेक्षणानं २००८ टीसी३ हा चारेक मीटरचा दगड आदळण्यापूर्वी वीसेक तास पकडला. तो सुदानच्या वाळवंटावर, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या ठिकाणी फुटला आणि त्याचे तुकडे नंतर वाळूतून गोळाही झाले. म्हणजे लहान दगडांसाठी तासांची पूर्वसूचनाही कामाची आहे, मध्यम दगडांसाठी वर्षांची लागते. दोन्हींचा उगम एकच, नजर.

सूर्याकडची बाजू मात्र जमिनीवरून झाकलेलीच राहते. १६ ऑगस्ट २०२० रोजी तीन ते सहा मीटरचा २०२० क्यूजी हा दगड दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. तो सापडला सहा तासांनी, कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये, आणि त्या प्रतिमा चाळणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. तोही सूर्याच्या बाजूनं आला होता. यावर उपाय म्हणजे अवकाशातून, अवरक्त प्रकाशात पाहणं. अवरक्तात दगडाची उष्णता दिसते. त्यामुळं काळाकुट्ट मोठा दगड आणि उजळ छोटा दगड यांतली गल्लतही टळते. दृश्य प्रकाशात हे दोघे सारखेच भासतात. वायआर४ सुरुवातीला ४० ते ९० मीटरांत कुठंही असू शकत होता, आणि जेम्स वेब दुर्बिणीनं त्याची उष्णता मोजल्यावरच तो साठ मीटरच्या आसपास ठरला. नासाची निओ सर्वेअर ही अवरक्त दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याकडं ठेवायचं नियोजन आहे. जमिनीवर चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा देऊ लागली. तिच्या सुरुवातीच्या थोड्या रात्रींतच दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह निघाले. पण शोध लागला की काम संपत नाही. तिथं उजाडलं की त्या रात्री सापडलेला दगड दुसऱ्या कुणीतरी पाहत राहायला हवा, नाहीतर कक्षा पक्की होण्याआधीच तो हरवतो. इथं लडाखमधल्या हान्लेसारख्या जागेचं महत्त्व आहे. साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण तिथं आहे. इतर खंडांवर दिवस असताना तिच्या वाट्याला रात्र येते. मोठ्या यानांच्या घोषणांपेक्षा अशा मध्यम दुर्बिणी जास्त संख्येनं उभारणं, हा भारतासाठी स्वस्त आणि उपयोगी मार्ग आहे असं मला वाटतं.

शेवटचा आक्षेप तंत्राचा नाही, सत्तेचा आहे, आणि त्याला मी सर्वांत गंभीर मानतो. १९९४ मध्ये कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी इशारा दिला होता की लघुग्रह वळवण्याचं तंत्र हाती असणारा तो पृथ्वीकडंही वळवू शकेल. यातला शस्त्राचा भाग फारसा व्यवहार्य नाही. सोयीचा दगड मिळेपर्यंत थांबून, दशकभर आधी मिलिमीटरांनी ढकलून शत्रूच्या शहरावर नेमका पाडणारं राष्ट्र कल्पनेतच शोभतं, आणि सगळं जग दुर्बिणी रोखून पाहत असताना ते लपणारही नाही. पण त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न खरा आहे. लघुग्रह हलवला की आघाताचा अंदाजित बिंदू वायआर४ च्या पट्ट्यासारख्या पट्ट्यावरून सरकत सरकत पृथ्वीच्या बाहेर जातो. धक्का कमी पडला तर तो मध्येच कुठंतरी थांबतो. म्हणजे बोगोटा वाचवायला निघालेली मोहीम अपुरी पडली तर संकट लागोसच्या किंवा मुंबईच्या वाट्याला येऊ शकतं. कुठल्या दिशेनं ढकलायचं हे ठरवणाऱ्याच्या हाती यान असेल. ज्यांच्यावरून बिंदू सरकणार आहे, त्यांच्याकडं बहुतेक वेळा काहीच नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीनं बनलेला अवकाश मोहीम नियोजन गट सल्ला देऊ शकतो, आदेश नाही. अवकाशात अणुस्फोट करण्याला १९६३ चा अणुचाचणी करार मनाई करतो, आणि मोठा दगड उशिरा सापडला तर तोच एक पर्याय उरू शकतो.

दर दोन वर्षांनी ग्रहसंरक्षण परिषदेत काल्पनिक लघुग्रह घेऊन सराव होतो, आणि त्यांतून वेळेचा आणि सत्तेचा असे दोन्ही धागे उघड दिसतात. २०२१ च्या सरावात दगड सहा महिने आधी सापडला असं धरलं होतं. सहभागी तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितलं की इतक्या वेळात कुठलीही मोहीम निघू शकत नाही, आणि तो दगड मध्य युरोपात पडला. २०१९ च्या सरावात आठ वर्षं मिळाली होती. डेन्व्हरवर येणाऱ्या मोठ्या लघुग्रहाला त्यावर यानं आदळवून वळवण्यात यश आलं, पण त्याचा साठएक मीटरचा एक तुकडा सुटला आणि न्यूयॉर्कच्या रोखानं निघाला. अण्वस्त्रानं त्याला अडवण्याची योजना मांडली गेली. ती राजकीय वादात अडकून पडली, वाद मिटेपर्यंत मुदत गेली, आणि उरलेल्या सत्रांत चर्चा चालली ती एवढीच: एवढं मोठं शहर रिकामं कसं करायचं, त्यातली माणसं कुठं न्यायची आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा.